नाताळात सहकुटुंब प्राग पाहताना या चुका टाळा

नाताळात प्रागला येणाऱ्या नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना मी दरवर्षी एकच गोष्ट बजावतो, आणि तरीही कोणी ना कोणी नेमके 24 डिसेंबरच्या दुपारीच शहरात येऊन दाखल होते. चेक लोकांचा मुख्य सण 24 च्या संध्याकाळी घरोघरी साजरा होतो. त्या दिवशी 200 चौरस मीटरपेक्षा मोठी दुकाने कायद्यानुसार दुपारी 12 वाजता बंद होतात आणि 25 व 26 तारखेलाही उघडत नाहीत. बरीचशी उपाहारगृहेही संध्याकाळी कुलूप लावतात, कारण तिथल्या वाढप्यांनाही घरी जाऊन तळलेला कार्प मासा आणि बटाट्याचे सॅलड खायचे असते.

हे सारे आधी कळवूनही माझ्या एका मावसभावाचे कुटुंब व्हिएन्नाहून दुपारच्या गाडीने आले आणि सामान टाकून चारच्या सुमारास धाकट्यासाठी दूध आणायला निघाले, तोवर अंधार पडला होता. प्रत्येक दुकानाचे शटर खाली, ट्रामही कमी, आणि मुलाने रस्त्यातच भोकाड पसरलेले. स्थानकांवरील दुकाने या कायद्यातून वगळलेली असल्यामुळे मी फोनवरून त्यांना मुख्य रेल्वे स्थानकाकडे पिटाळले. तिथे दूध आणि पाव मिळाला, बाकी जेवण मावशीच्या डब्यातल्या धपाट्यांवर निभावले. मी स्वतः 23 लाच 26 पर्यंतचे किराणा सामान भरून ठेवतो आणि पाहुण्यांनाही स्वयंपाकघर असलेलेच घर घ्यायला लावतो.

दुसरी चूक पैशांची. इथे युरो नव्हे, चेक कोरुना चालतो. "कमिशन नाही" एवढा फलक वाचून कोपऱ्यावरच्या चलनबदलाच्या खिडकीत नोटा सरकवणाऱ्यांची मला कीव येते, कारण खरी कात्री दरातच लागते. किती कोरुना हातात पडतील हे आधी विचारावे. तरीही फसगत झालीच, तर 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला आहे, म्हणून पावती फेकू नये. ओल्ड टाउन चौकातल्या नाताळबाजारात विस्तवावर भाजलेल्या हॅमचा भाव 100 ग्रॅमचा लिहिलेला असतो आणि विक्रेता मात्र भलामोठा तुकडा कापून वजनावर टाकतो. वजन आधी सांगावे. शाकाहारींनी तळलेले चीज मागावे; मात्र अंडेही न खाणाऱ्यांनी जपावे, कारण त्या चीजच्या आवरणात आणि ब्रॅम्बोराक या बटाट्याच्या धिरड्यातही अंडे असते.

त्याच चौकातल्या 1410 च्या खगोलीय घड्याळासमोर अर्धा तास मुलांना थंडीत ताटकळत ठेवू नये, कारण तासाच्या ठोक्याला होणारा येशूच्या प्रेषितांच्या बाहुल्यांचा खेळ मिनिटभरही चालत नाही आणि त्या गर्दीत खिसेकापूंचे मात्र फावते. ट्रडेलनिक, म्हणजे दांड्याला गुंडाळून भाजलेली साखर लावलेली कणकेची गुंडाळी, हा पारंपरिक चेक पदार्थ म्हणून खाऊ नये. गोड आवडते म्हणून खुशाल खावा. ज्यू संग्रहालयातली सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) शनिवारी बंद असतात. दगडी फरसबंदीवर गुळगुळीत तळव्याचे बूट घालणे हा निव्वळ हट्ट आहे.

मेट्रोला अडवणारी फाटके नसतात, म्हणून अनेकजण कागदी तिकीट घेऊन ते तसेच खिशात ठेवतात. पिवळ्या यंत्रात शिक्का मारल्याखेरीज ते वैध ठरत नाही, आणि साध्या कपड्यांतला तपासनीस नवख्या पर्यटकाची सबब ऐकून घेत नाही.