मार्मोटच्या ऊर्जेचा जमाखर्च मांडताना या चुका टाळा

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतरांगेत सुमारे 2,900 मीटर उंचीवरील गॉथिक येथे पिवळ्या पोटाच्या मार्मोटचा अभ्यास 1962 पासून सुरू आहे. वर्षातील सात-आठ महिने बिळात निद्रिस्त राहणाऱ्या या कृंतकाचा (उंदीर-खारींच्या गटातील कुरतडणाऱ्या प्राण्याचा) ऊर्जेचा जमाखर्च जुळत नसेल, तर दोष बहुधा प्राण्यात नसून मोजणीत असतो.

सर्वांत मोठी चूक शीतनिद्रेच्या हिशेबात होते. निद्रेत शरीराचे तापमान बिळाच्या तापमानाजवळ उतरते आणि चयापचय अत्यंत मंदावतो; हा मंद दर दिवसांच्या संख्येने गुणला की हिवाळ्याचा खर्च मिळाला, असे समजले जाते. प्रत्यक्षात मार्मोट हिवाळ्यात अनेकदा जागा होतो, काही तासांत शरीर नेहमीच्या तापमानापर्यंत तापवतो आणि काही काळ तसाच राहून पुन्हा थंड पडतो. निद्रेच्या मानाने हा काळ अगदी थोडा असला, तरी हिवाळ्यातील ऊर्जेचा मोठा वाटा त्यातच जातो. म्हणून शरीराचे तापमान सतत नोंदवणाऱ्या उपकरणाशिवाय केलेला अंदाज खऱ्या खर्चापेक्षा फारच कमी येतो. घटलेले सगळे वजन चरबीचे मानणेही तितकेच धोक्याचे आहे: एक ग्रॅम चरबीतून सुमारे 39 किलोज्यूल ऊर्जा मिळते, पण पाण्याने भरलेल्या स्नायूतून त्याच्या काही अंशानेच.

उन्हाळ्यात मोकळ्या प्राण्याचा खर्च काढण्यासाठी त्याच्या शरीरात ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आणि ऑक्सिजन-18 (जड ऑक्सिजन) असलेले पाणी सोडतात. ड्यूटेरियम फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो, तर ऑक्सिजन-18 पाणी आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्हींवाटे, त्यामुळे दोहोंच्या घटण्यातील फरकावरून उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड कळतो. ऊर्जा मात्र थेट कळत नाही, आणि नेमके हेच विसरले जाते. पिष्टमय पदार्थ जळताना एक लिटर कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे 21 किलोज्यूल ऊर्जा निघते, चरबी जळताना सुमारे 28. चुकीचा गुणक वापरला तर पानाफुलांवर जगणाऱ्या मार्मोटचा खर्च बराच फुगतो.

खाण्याची बाजू मांडताना ओले नव्हे, कोरडे वजन धरावे आणि विष्ठा व मूत्रातून गेलेली ऊर्जा वजा करावी. एवढे करूनही ऑगस्टमध्ये जमा जास्त दिसेल. ती चूक नव्हे, साठत चाललेली चरबी आहे.

त्याच खडकांत राहणाऱ्या ‘पिका’ या छोट्या प्राण्याचे आकडे यात मिसळू नयेत. तो ससाकुळाजवळचा असून कृंतक नाही. शिवाय तो शीतनिद्रा घेत नाही, वाळवलेल्या गवताच्या ढिगावर हिवाळा काढतो.