मांजराच्या मूत्रसंसर्गावर अँटिबायोटिक कसे द्यावे

मांजर मातीच्या ट्रेमध्ये वारंवार जाऊन बसू लागले, कुंथून थेंब-थेंब लघवी करू लागले किंवा लघवीत रक्त दिसले, की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पहिला सल्ला मिळतो तो उन्हाळे लागल्याचा आणि धन्याचे पाणी पाजण्याचा. दुसरा सल्ला घरात उरलेल्या माणसांच्या अँटिबायोटिकची गोळी मोडून देण्याचा असतो. हे दोन्ही सल्ले मानू नयेत.

बोका कुंथत असेल आणि लघवी मुळीच बाहेर येत नसेल, तर पुढचे काही न वाचता त्याला त्याच घटकेला दवाखान्यात न्यावे. तुंबलेल्या मूत्रमार्गामुळे रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते आणि एक-दोन दिवसांत बोका दगावतो. ती अडचण नळी घालूनच सुटते, गोळीने नाही.

एरवी आधी लघवीची तपासणी करावी. दहा वर्षांखालच्या धडधाकट मांजरात या लक्षणांमागे जिवाणू क्वचितच असतात. बहुतेक वेळा ताणामुळे झालेला मूत्राशयाचा दाह असतो, कधी खडे असतात. हा दाह साधारण आठवडाभरात आपोआप ओसरतो, आणि त्याच दिवसांत कोणी गोळी दिलेली असल्यास श्रेय गोळीला मिळते. चुकीचा सल्ला घरोघरी टिकून राहतो तो यामुळेच. म्हातारे, मधुमेही किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले मांजर असेल, तर मात्र खऱ्या संसर्गाची शक्यता बरीच वाढते. कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून कोणते औषध लागू पडेल ते पाहण्यासाठी, लघवीचा नमुना औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वीच आणि डॉक्टरांनी सुईने थेट मूत्राशयातून काढलेला असावा. ट्रेमधून टिपलेली लघवी त्या कामाची नसते. गावातून बेळगावच्या प्रयोगशाळेत नमुना न्यायचा असल्यास तो बर्फाच्या पिशवीसोबत त्याच दिवशी पोहोचवावा.

औषध डॉक्टर ठरवतील. साध्या संसर्गात बहुधा अमॉक्सिसिलिन, एकटे किंवा क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह, ३ ते ५ दिवस पुरते. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असेल तर १० ते १४ दिवस लागतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची प्रौढ मांजराची नेहमीची मात्रा एका वेळी ६२.५ मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे माणसांची ६२५ ची गोळी तिच्या दहापट होते. एन्रोफ्लॉक्सासिन हे दुसरे अँटिबायोटिक वजनाच्या किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त गेल्यास मांजराची दृष्टी जाऊ शकते. डॉक्टर कन्नडमधून सांगोत की मराठीतून, मात्रा मिलिलिटरमध्ये किंवा गोळीच्या भागात कागदावर लिहून घ्यावी, आणि ‘दिवसातून दोनदा’ म्हणजे दर १२ तासांनी असेच समजावे.

खरी कसोटी लागते ती औषध घशाखाली उतरवताना. मला सर्वांत जड गेलेला टप्पा हाच, आणि उपचार फसतात तेही बहुतेक इथेच. दुधात किंवा मासळीच्या तुकड्यात गोळी लपवून द्या, असे सर्रास सांगितले जाते. कडू वास आला की मांजर ती वाटी सोडून देते आणि पुढे तेच अन्नही नाकारते. किती औषध पोटात गेले, हे कोणालाच कळत नाही.

मांजराला जुन्या पंच्यात गळ्यापर्यंत गुंडाळावे, म्हणजे चारही पाय आत राहतात, आणि त्याची पाठ आपल्या पोटाला टेकवून बसावे. डाव्या हाताचा अंगठा व मधले बोट वरच्या सुळ्यांमागे ठेवून डोके किंचित वर करावे, उजव्या हाताच्या बोटाने पुढचे बारीक खालचे दात दाबून जबडा उघडावा आणि गोळी जिभेच्या अगदी मागच्या उंचवट्यावर सोडावी. जिभेच्या टोकावर ठेवलेली गोळी परत येणारच. तोंड मिटून गळ्यावरून हळुवार हात फिरवावा. मांजराने नाक चाटले की गोळी गिळली असे समजावे. तरीही लगेच सोडू नये, कारण काही मांजरे गोळी गालात धरून ठेवतात आणि ती नंतर तांदळाच्या पोत्यामागे ओली सापडते.

त्यानंतर बिनसुईच्या सिरिंजने ५-६ मिली पाणी पाजावे. ही पायरी मी कोणालाही गाळू देत नाही. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते, आणि ती डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची असेल तर तिथे जखम होऊन नलिका कायमची अरुंद होऊ शकते.

पातळ औषध असेल तर बाटली हलवून घ्यावी आणि सिरिंज तोंडाच्या कडेने गालात घालून थोडे-थोडे सोडावे. डोके मागे वाकवून एकदम ओतलेले औषध फुप्फुसात जाते. कडवटपणामुळे तोंडाला फेस आल्यास घाबरू नये आणि डोस पुन्हा देऊ नये. पाण्यात कालवलेले अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल फ्रिजमध्येच ठेवावे. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते तिथे डॉक्टरांकडून गोळीच मागून घ्यावी.

दोन दिवसांत काहीच उतार न पडल्यास डॉक्टरांना कळवून कल्चरच्या निकालाप्रमाणे औषध बदलून घ्यावे. लक्षणे लवकर गेली तरी सांगितलेले दिवस पुरे करावेत, उरलेले औषध टाकून द्यावे, आणि काही महिन्यांनी त्रास उलटला तर जुनी चिठ्ठी न वापरता नमुना नव्याने तपासावा.