मेकॅनिकलवाला एनर्जीत जातो तेव्हा

दर वर्षी गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की गावाकडून दोन-चार फोन ठरलेले, दादा एनर्जी घेऊ का मेकॅनिकलच बरं. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून काढतोय, जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी सांगलीकडचा, बीई मेकॅनिकल, मग एम.टेक. आयआयटी मुंबईच्या एनर्जी सायन्स अँड इंजिनियरिंगला. हे डिपार्टमेंट म्हणून उभं राहिलं २००७ मध्ये, पण त्याच्या कितीतरी आधीपासून एनर्जी सिस्टिम्स नावाचा इंटरडिसिप्लिनरी, म्हणजे वेगवेगळ्या विषयांची माणसं एकत्र आणणारा, प्रोग्रॅम पवईत, आयआयटीच्या कॅम्पसवर, चालूच होता. आणि आपण बीईला ज्या सुखात्मे सरांचं सोलरचं पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री चाळलेलं असतं, ते सर पवईतच, मेकॅनिकलला प्रोफेसर आणि पुढे डायरेक्टरही. हे मला तिथे गेल्यावर कळलं, आधी वाटायचं पुस्तकं लिहिणारी माणसं वेगळ्याच कुठल्यातरी ग्रहावर राहतात.

घरी काय सांगायचं हा पहिला प्रॉब्लेम. आई विचारायची, म्हणजे नक्की कशाचा इंजिनियर? मामाला वाटलं सोलर हीटर बसवायला शिकतोय, त्याने लगेच त्याच्या गच्चीवरचा बंद पडलेला हीटर माझ्या नावावर केला. हसू नका, तुमचंही हेच होणार आहे.

आता मुद्द्याचं. पहिल्याच आठवड्यात सरांनी वर्गात विचारलं, एफिशियन्सी म्हणजे काय. मी छाती काढून सांगितलं, कोळसा जाळला, त्यातली पस्तीसेक टक्के वीज झाली, ती एफिशियन्सी. शेजारचा फिजिक्स बी.एस्सी. करून आलेला पोरगा म्हणाला सोलर पॅनलमधल्या सिलिकॉन सेलला साधारण २९ टक्क्यांची भिंत आहे, त्यापुढे जाता येत नाही, तिच्या किती जवळ गेलो ते महत्त्वाचं. आणि इकॉनॉमिक्सचा ऐच्छिक पेपर घेतलेली एक इलेक्ट्रिकलवाली म्हणाली, तुम्ही दोघं टक्के मोजत बसा, रुपयाला किती युनिट पडलं ते सांगा. तिघेही बरोबर, आणि तिघांनाही एकमेकांचं काही कळलेलं नाही. इंटरडिसिप्लिनरी म्हणजे पहिले सहा महिने हेच असतं बघा, सगळे तेच शब्द वापरतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी वस्तू असते. त्यामुळे मीटिंगमध्ये लाज न बाळगता विचारायचं, तुम्ही म्हणताय ते लोड म्हणजे कुठलं लोड.

आणि किलोवॅट आणि किलोवॅट-अवर यातला घोळ आत्ताच मिटवून घ्या. किलोवॅट म्हणजे यंत्राची ताकद, किलोवॅट-अवर म्हणजे प्रत्यक्ष झालेली वीज, बिलावरचं युनिट. हसण्यासारखं वाटतं पण पीएच.डी.वाले पण घसरतात. गच्चीवर एक किलोवॅट सोलर लावलं तर आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली की दिवसाला साधारण चार युनिट, चोवीस नाही, कारण ऊन चोवीस तास नसतं. म्हणून चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आणि तेवढ्याच मेगावॅटचं सोलर हे कागदावर सारखं दिसलं तरी वर्षाकाठी युनिट सारखे येत नाहीत, सोलरचे निम्म्याहून कमी भरतील. आणि उलट बाजूने सोलरला कोळसा लागत नाही, पाणी जवळपास लागत नाही, म्हणजे तुलना नक्की कशाची करायची हाच अर्धा अभ्यास.

माझा स्वतःचा गाढवपणा सांगतो. प्रोजेक्ट होता पॅनलच्या तापमानावर. पॅनलवर जे वॅट छापलेले असतात ते सेल २५ अंशाला असताना, आणि सोलापुरात एप्रिलच्या दुपारी तेच पॅनल ६०-६५ अंशाला जातं. सिलिकॉनचं दर अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे नुसत्या उष्णतेने चौदा-सोळा टक्के गेले. हे सगळं मला पाठ. पण गच्चीवरच्या पायरॅनोमीटरचं, म्हणजे ऊन मोजायच्या यंत्राचं, रीडिंग तीन आठवडे दहाएक टक्के कमी येत होतं आणि मी त्यावर मुंबईच्या धुरक्याची थिअरी रचली, दोन स्लाइड केल्या, एक ग्राफ पण काढला. लॅबमधले काका कशाला तरी वर गेले आणि येऊन म्हणाले, अरे त्या काचेच्या घुमटावर कबुतर घाण करून गेलंय. तीन आठवडे मी खाली एसीत बसून डेटा बघत होतो, वर एकदाही गेलो नव्हतो.

याहून मोठा धडा माण तालुक्यात मिळाला. शेतीपंपाचं मॉडेल केलं होतं, पाच एचपीची मोटर, ग्रिडची वीज विरुद्ध सोलर, वीस वर्षांचा खर्च, सगळं एकदम चोख, आणि उत्तर येत होतं की सबसिडीची ग्रिड वीजच शेतकऱ्याला स्वस्त. ते घेऊन एका म्हाताऱ्या शेतकऱ्यापुढे बसलो तर ते म्हणाले, "स्वस्त-महाग ऱ्हाऊ द्या, दिवसा येतीया का ते सांगा." मोटरला लागणारी थ्री फेज वीज चक्राकार, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि रात्रीच्या पाळीत चिखलातून बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचं, पायाखाली काय येईल सांगता येत नाही. माझ्या एक्सेलमध्ये रात्र नावाचा कॉलमच नव्हता. राज्याने २०१७ ला सौर कृषी वाहिनी योजना काढली, फीडरच, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या लाइनीच, सोलरवर घ्यायचे म्हणजे शेतीला दिवसा वीज देता येईल, ती मी वाचली होती पण मेगावॅटच्या आकड्यांसाठी. दिवसा हा शब्द डोळ्याखालून गेला होता नुसता.

म्हणून गाइड निवडताना मोठं नाव बघू नका, प्रश्न बघा. पवईच्या डिपार्टमेंटमध्ये सेल बनवणारे आहेत, बॅटरीवाले आहेत, बायोमासवाले, बिल्डिंगवाले, पॉलिसी आणि मॉडेलिंगवाले आहेत, आणि प्रत्येकाचा दिवस वेगळा जातो, कोणाचा ग्लव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे लावलेल्या बंद पेटीत, हात घालून तर कोणाचा पायथॉनमध्ये एरर शोधत. जायच्या आधी त्या ग्रुपमधल्या सीनियरला चहाला न्या आणि विचारा की उपकरण बंद पडलं तर दुरुस्तीला किती दिवस लागतात, तिथून सगळं कळतं. दोन डिपार्टमेंटचे दोन गाइड ही गोष्ट ऐकायला भारी वाटते, पण दोघं एकमेकांशी बोलतात का ते आधी बघा. दुसऱ्या एका संस्थेत माझ्या ओळखीचा एक जण, एका गाइडला प्रयोग हवा, दुसऱ्याला मॉडेल, पोरगा चार वर्षं दोन घरचा पाहुणा उपाशी.

चांगलं जमलं तर काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे २०१४ चं व्हर्सायचं सोलर डेकॅथलॉन, आयआयटी मुंबई आणि रचना संसदच्या आर्किटेक्चरच्या पोरांनी टीम शून्य म्हणून सोलरवर चालणारं अख्खं घर फ्रान्समध्ये नेऊन उभं केलं. दुसरं म्हणजे २०१० ला केंद्राच्या पैशाने सुरू झालेलं फोटोव्होल्टाइकचं राष्ट्रीय केंद्र, एनसीपीआरई, त्यांनी २०१३ पासून देशभर फिरून पॅनल किती झिजतात ते मोजलं. गरम भागातली आणि छोट्या, गच्चीवरच्या सिस्टिममधली पॅनल जास्त लवकर खराब होताना दिसली. आता यात मटेरियल सायन्स किती, हवामान किती आणि घाईत पॅनल आपटणारा कामगार किती, हे एका विषयाच्या माणसाला सुटणारं नाही.

परदेशी जायचं असेल तर एक गोष्ट नीट बघा, यात लोक फसतात. नावात एनर्जी असलं की तिथे ॲडमिशन मिळतेच असं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचं एनर्जी इनिशिएटिव्ह २००६ चं, पण ते छत्रीसारखं आहे, अर्ज तुम्ही मेकॅनिकल किंवा केमिकल अशा डिपार्टमेंटलाच करायचा आणि प्रोजेक्ट तिकडून. बर्कलीचा एनर्जी अँड रिसोर्सेस ग्रुप मात्र १९७३ पासूनचा आणि तो स्वतः डिग्री देतो. अर्ज करायच्या आधी डिग्रीवर नाव कोणाचं येणार ते बघाच.

पैशाचं लवकर सांगून टाकतो. गेटवरून एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये, मेसचं बिल आणि कांजूरमार्गची रिक्षा यात संपतात. पीएच.डी.ला २०२३ पासून पहिली दोन वर्षं ३७,००० आणि मग ४२,०००, वर घरभाडं. नोकऱ्या आहेत, पण कॅम्पसला कंपन्या मेकॅनिकलवाल्यांसारख्या रांग लावत नाहीत, कन्सल्टन्सी, वीज कंपन्या, बॅटरी-ईव्हीवाले, पुण्यातल्या प्रयाससारख्या धोरणावर काम करणाऱ्या संस्था, हे आपलं आपण शोधायचं. आणि इंटरव्ह्यूमध्ये हमखास विचारतात की तुझं मूळ काय. तेव्हा मेकॅनिकल विसरू नका, थर्मोडायनॅमिक्स पक्कं ठेवा. सगळंच थोडं थोडं येणारा माणूस कोणालाच नको असतो, मी पहिल्या दोन इंटरव्ह्यूत तसाच वाटलो आणि दोन्ही गेले.

मामाचा हीटर शेवटी मी बघितला, नळ्यांमध्ये क्षार बसला होता, बोअरच्या पाण्याचा. गच्चीवर जायला पाच मिनिटं लागली, मामा दोन वर्षं थंड पाण्याने आंघोळ करत होता.