चाकं टेकल्यानंतरची पंधरा मिनिटं

कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरहून तिथल्याच सिएरा पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या कोलंबिया गावाला मी पहिल्यांदा एकटी सेस्ना १७२ हे छोटं विमान घेऊन गेले, तेव्हा लँडिंग अगदी मनासारखं झालं. त्या आनंदात विमान बांधलं आणि गावात जेवायला गेले. फोन सायलेंटवर होता. परतले तर विमानतळावरचा कर्मचारी माझ्या विमानाचा नंबर लिहिलेला कागद घेऊन उभा. फ्लाइट प्लॅन, म्हणजे कुठून कुठे जाणार आणि कधी पोचणार याची आधी दिलेली नोंद, पोचल्यावर बंद करायची राहून गेली होती.

अमेरिकेत व्हीएफआर (बाहेर बघत उडण्याच्या नियमांनुसारचा) प्लॅन पायलटनंच बंद करायचा असतो. कंट्रोल टॉवर असलेल्या ठिकाणी उतरलात तरी टॉवर तो बंद करत नाही. (आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या आधारे उडण्याचा प्लॅन टॉवर असेल तर आपोआप बंद होतो, नसेल तर तोही आपणच करायचा.) पोचण्याच्या वेळेनंतर अर्ध्या तासात कळवलं नाही, तर शोध सुरू होतो. माणसं मला शोधण्यात गुंतलेली असताना खरंच कुणी डोंगरात पडलं असतं तर? तो विचार अजून छळतो.

तेव्हापासून प्लॅन उघडला की मी घड्याळ डाव्या मनगटावरून उजव्या मनगटावर घालते. ते तिथे खुपत राहतं. फ्लाइट सर्व्हिसच्या १-८००-९९२-७४३३ ला फोन करून प्लॅन बंद केला, की मगच ते परत डाव्या हातात येतं. शिवाय पोचण्याच्या वेळेनंतर पंधरा मिनिटांचा अलार्म असतोच.

पण विसरायला सुरुवात त्याच्याही आधी, धावपट्टीवरच होते. चाकं टेकली की मन सुटीवर जातं आणि हात मात्र सवयीनं चालू लागतात. म्हणून विमान पळत असताना लिव्हर, स्विच काहीही हलवू नका. चाकं आत घेता येणारं विमान असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण फ्लॅप्सऐवजी (पंखांच्या मागच्या, उतरताना खाली केलेल्या झडपांऐवजी) चाकांचा लिव्हर ओढला गेल्याच्या घटना झालेल्या आहेत. धावपट्टीच्या कडेची होल्ड शॉर्ट रेषा संपूर्ण विमानाला ओलांडू द्या, थांबा, मग फ्लॅप्स वर, कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होऊ नये म्हणूनची गरम हवा) बंद, लँडिंग लाइट आणि स्ट्रोब (पांढरे लखलखते दिवे) बंद. ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवतानाही चालूच ठेवायचा; स्टँडबायवर टाकायची जुनी सवय सोडा.

बरोबर माणसं असली की उतरताक्षणी कौतुक सुरू होतं. मी निघण्यापूर्वीच सांगून ठेवते, पुढचा पंखा (प्रोपेलर) थांबेपर्यंत बोलायचं नाही. एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये १०,००० फुटांखाली आणि टॅक्सी करताना अवांतर बोलायला बंदीच आहे. लहान विमानाला ती जास्तच लागू पडते, कारण आठवण करून द्यायला शेजारी दुसरा पायलट नसतो.

सांगलीला आई रात्री झोपण्यापूर्वी दाराच्या कडीला हात लावायची आणि ‘कडी लावली’ असं मोठ्यानं म्हणायची. नुसतं बघून तिचं समाधान होत नसे. इंजिन बंद करताना मी तेच करते. रेडिओ बंद करण्यापूर्वी क्षणभर १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी ऐकते, लँडिंग आदळलं असेल तर आपला ईएलटी (आदळल्यावर आपोआप संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) वाजत नाही ना, हे तिथे कळतं. मग एव्हियॉनिक्स (रेडिओ वगैरे उपकरणं) बंद, मिक्स्चर (इंजिनाला इंधन देणारी दांडी) पूर्ण मागे, पंखा थांबला की मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रणा) बंद, किल्ली काढून बाहेरून दिसेल अशी डॅशवर, आणि मास्टर, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, बंद. प्रत्येक स्विचला बोट लावायचं, नाव घ्यायचं. त्यानंतर छापील चेकलिस्ट वाचायची, आठवणीतली नाही. मॅग्नेटो चालू राहिले तर बाहेरून पंखा हातानं फिरवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं, त्यामुळे या एका स्विचला मी दोनदा हात लावते.

उतारावर उभं करायचं असेल तर इंधनाचा सिलेक्टर ‘बोथ’वर (दोन्ही टाक्यांवर) न ठेवता एका टाकीवर ठेवा, म्हणजे एका टाकीतलं इंधन दुसरीत जात नाही. बाकी चाकांना अडसर, तीन दोर, कंट्रोल लॉक, पिटो कव्हर (वेग मोजणाऱ्या नळीचं झाकण) हे नेहमीचंच.

बीकनचा, म्हणजे शेपटीवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्याचा, स्विच मात्र मी कधीच बंद करत नाही. मास्टर चालू राहिला असेल तर तो लाल दिवा लुकलुकत राहतो. वीस पावलं चालायचं आणि मागे वळून शेपटीकडे बघायचं. दोन वेळा तो दिवा दिसला आहे, आणि दोन्ही वेळा बॅटरी वाचली.