८०जीची पावती आहे पण वजावट मिळाली नाही? या चुका टाळा

दरवर्षी जुलै आला की मला पावत्यांचे फोटो यायला लागतात. नात्यातले, ऑफिसातले, सोसायटीतले लोक, रिटर्न भरताना ८०जीपाशी, म्हणजे देणगीवर टॅक्समध्ये वजावट देणाऱ्या कलमापाशी, अडले की मला विचारतात, आणि बहुतेक वेळा पैसे खरे दिलेले असतात, संस्थाही चांगली असते, तरी वजावट हातातून जाते कारण घोळ रिटर्न भरताना नाही, पैसे देतानाच झालेला असतो. म्हणून जे परत परत बघतेय ते एकदा लिहून ठेवते. हे सगळं १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्याप्रमाणे आहे, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंत दिलेल्या देणग्यांसाठी. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झालाय आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा त्यानंतरच्या देणगीसाठी नवे नंबर बघून घ्या.

पैसे एकाचे, पॅन दुसऱ्याचा

माझ्या मावशीचीच गोष्ट सांगते. काकांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला तिने एका वृद्धाश्रमाला २५,००० रुपये दिले. तिला फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून मुलाला म्हणाली तू पाठव, मी तुला नंतर देते. त्याने आपल्या खात्यातून पाठवले, फॉर्मवर पॅन विचारला तिथे सवयीने स्वतःचा टाकला, आणि पावतीवर मात्र आईचं नाव लिहायला सांगितलं. मावशी खूश, पावती फाइलला लावून ठेवली. जूनमध्ये देणगीचं सर्टिफिकेट आलं ते मुलाच्या पॅनवर. आता मुलगा न्यू रिजीममध्ये, म्हणजे टॅक्स मोजायच्या नव्या पद्धतीत, त्याला ८०जीचा काहीच उपयोग नाही, आणि मावशी ओल्ड रिजीममध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीत, पेन्शन आणि एफडीचं व्याज धरून २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, अशा संस्थेच्या देणगीची निम्मीच रक्कम वजा होते, म्हणून तिला २५,००० च्या निम्म्यावर म्हणजे १२,५०० वर सेससकट २,६०० रुपये वाचले असते. संस्थेला दुरुस्ती करा म्हणणंही बरोबर नव्हतं, कारण पैसे खरंच मुलाच्या खात्यातून गेलेले. मावशीला त्या २,६०० चं फार वाटलं नाही, पण काकांच्या नावाने दिलेलं दान कागदावर आपल्या नावाने नाही हे तिला लागलं, आणि ते मला अजून आठवतं.

म्हणून ज्याला वजावट घ्यायची त्याच्याच खात्यातून पैसे जाऊ द्या आणि त्याचाच पॅन द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे कुणीतरी शेजारी बसून करायला हवं, पाच मिनिटांचं काम आहे.

पावती पुरेशी नाही, १०बीई हवं

आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून नियम बदललाय आणि अजूनही निम्म्या लोकांना पत्ता नाही. संस्थेने वर्षभरातल्या देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडीमध्ये पुढच्या ३१ मे पर्यंत ऑनलाइन भरायची, आणि ती भरली की पोर्टलवरून प्रत्येक देणगीदाराचं १०बीई सर्टिफिकेट निघतं. तुमच्या हातातली रंगीत पावती कितीही छान असली, त्यावर ८०जीचा शिक्का असला, तरी संस्थेने यादीत तुमचं नाव टाकलं नसेल तर डिपार्टमेंटच्या लेखी ती देणगी जुळत नाही. उशीर केला तर संस्थेला दिवसाला २०० रुपये लेट फी बसते, तरीही छोट्या संस्थांकडून राहून जातं, तिथे अकाउंट बघणारा एकच माणूस असतो आणि तोही अर्धवेळ.

१०बीई हातात आलं की नाव, पॅन, रक्कम आणि वर्ष लगेच तपासा. वर्ष विशेष करून. ३१ मार्चच्या रात्री घाईघाईने दिलेले पैसे संस्थेच्या खात्यात एप्रिलमध्ये दिसले आणि यादीत पुढच्या वर्षात गेले, असं मी पाहिलंय. देणगी मार्चच्या शेवटच्या दिवसावर ठेवूच नये.

आणि एक अगदी बारीक पण रोजची चूक. रिटर्नमध्ये एआरएन, म्हणजे त्या देणगीचा नंबर, विचारतात, लोक तिथे पावतीवरचा ८०जी रजिस्ट्रेशन नंबर टाकतात. तो संस्थेचा नंबर आहे, संस्थेच्या पॅननेच सुरू होतो, म्हणून ओळखता येतो. एआरएन वेगळा, तो १०बीईवर असतो. तसंच रिटर्नमधल्या ८०जीच्या भागात (शेड्यूलमध्ये) चार टेबलं असतात, ए, बी, सी, डी. साध्या ट्रस्टची किंवा एनजीओची देणगी जवळपास नेहमी डीमध्ये जाते, ५० टक्के आणि मर्यादेसह (मर्यादा पुढे सांगते). पण समोर पहिलं ए दिसतं, तिथे १०० टक्के लिहिलेलं असतं, आणि माणूस तिथेच भरून मोकळा होतो. ए हे पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, पीएम केअर्स, मुख्यमंत्री सहाय्यता निधी असल्या फंडांसाठी. त्यांना १०बीई लागत नाही, त्यांची पावती चालते.

न्यू रिजीममध्ये ८०जी नाही

आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून न्यू रिजीम डिफॉल्ट आहे आणि त्यात ८०जी मिळत नाही, विषय संपला. ऑफिसने न्यूप्रमाणे टीडीएस कापला असला तरी पगारदार माणूस रिटर्न भरताना ओल्ड निवडू शकतो, पण रिटर्न मुदतीतच भरलं पाहिजे. मुदत गेल्यावर भरलेल्या रिटर्नमध्ये ओल्ड रिजीम घेताच येत नाही, आणि तिकडे देणगीची वजावटही गेली. फक्त एका देणगीसाठी ओल्डमध्ये जाऊ नका मात्र, दोन्हीकडचा टॅक्स काढून बघा.

लाख दिले म्हणजे लाख वाचले, असं नाही

याने सगळ्यात जास्त लोक नाराज होतात म्हणून आकड्यांनीच सांगते. समजा तुमचं एकूण उत्पन्न ८,००,०००. ८०सीचे (पीएफ, विमा वगैरे) १,५०,००० आणि मेडिक्लेमचे २५,००० वजा केले की राहिले ६,२५,०००. त्याचे १० टक्के ६२,५००, ही तुमची मर्यादा. तुम्ही एनजीओला १,००,००० दिलेत तरी ६२,५०० च धरणार, त्याचे ५० टक्के ३१,२५० ही वजावट, आणि २० टक्क्यांनी सेससकट वाचलेला टॅक्स ६,५००. उरलेलं पुढच्या वर्षी नेता येत नाही. मोठी रक्कम द्यायची असेल तर मार्चमध्ये अर्धी आणि एप्रिलमध्ये अर्धी अशी दोन वर्षांत विभागून द्या, संस्थेची निकड नसेल तर.

रोख, वस्तू आणि वर्गणी

रोख २,००० पर्यंतच चालते. ५,००० रोख दिले तर २,००० ची वजावट मिळेल असं नाही, पूर्ण ५,००० बाद. तांदळाची पोती, ब्लँकेट, वह्या, जुना कॉम्प्युटर, यातलं काहीच धरत नाहीत. गणपतीच्या वर्गणीची पावती, देवळाच्या दानपेटीत टाकलेले पैसे, कुणाच्या ऑपरेशनसाठी त्याच्या खात्यात पाठवलेली मदत, हे सगळं जरूर करा पण रिटर्नमध्ये नको. काही देवस्थानं सरकारने जीर्णोद्धारासाठी नोटिफाय केलेली असतात, अयोध्येच्या श्रीराम जन्मभूमी तीर्थक्षेत्र ट्रस्टला २०२० मध्ये तसं केलं, तिथे मिळते. देण्याआधी इन्कम टॅक्सच्या साइटवर संस्थेचं नाव आणि मंजुरीची मुदत बघा. जुन्या कायमच्या मंजुऱ्या आता नाहीत, साधारण पाच वर्षांनी रिन्यू कराव्या लागतात, आणि पावतीपुस्तक जुनंच चालू असतं.

चेकने द्या, कमिशन कापून बाकीचे रोख परत देतो असं सांगणारा एजंट भेटला तर सरळ नाही म्हणा. खोटी वजावट सापडली की टॅक्स आणि व्याज तर द्यावंच लागतं, वर वाचवलेल्या टॅक्सच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड, आणि खरं काम करणाऱ्या संस्थांवरही संशय येतो ते वेगळंच.

आता अडलंच असेल तर

रिटर्न भरून झालंय आणि टेबल किंवा एआरएन चुकलाय, तर रिवाइज करायची मुदत संपायच्या आत रिटर्न रिवाइज करता येतं. वजावट काढून टाकतोय असा इन्कम टॅक्सकडून मेल आला तर ३० दिवसांत पोर्टलवर असहमत म्हणून उत्तर द्या आणि पेमेंटचं बँक स्टेटमेंट, १०बीई जवळ ठेवा. गप्प बसलात तर ते काढूनच टाकतात. १०बीईमध्ये पॅनचं अक्षर चुकलं असेल तर ते तुम्हाला दुरुस्त करता येत नाही, संस्थेने सुधारित १०बीडी भरायला हवं, म्हणून आधी त्यांना फोन करा, सौम्यपणे, ती माणसं मुद्दाम करत नाहीत. मी सगळ्यांना हा मेसेज तयार देते, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच पाठवायचा:

"नमस्कार, मी अमुक तारखेला इतके रुपये अमुक खात्यातून आपल्या संस्थेला दिले, व्यवहाराचा नंबर हा. माझं पॅनवरचं नाव आणि पॅन नंबर खाली देतोय. यंदाच्या १०बीडीमध्ये हे बरोबर आलंय का एकदा बघाल का, आणि १०बीई याच मेलवर पाठवाल का? धन्यवाद."