पत्रकं सुटी करून ठेवा: ‘पांढऱ्या गुलाबा’च्या प्रयोगाआधीची तयारी

आधी पत्रकं. बाकीचं घाईत वाचलंत तरी चालेल, हे नीट वाचा.

म्युनिकमधल्या आमच्या हौशी गटानं मागच्या वर्षी ‘वायसे रोझे’, म्हणजे पांढरा गुलाब, या विद्यार्थी गटावरचं संगीत नाटक केलं. बॅकस्टेज माझ्याकडे होतं. प्रवेश 18 फेब्रुवारी 1943 चा. विद्यापीठात तास सुटायची वेळ झालीय आणि सोफी शोल वरच्या कठड्यावरून नाझींविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा खाली चौकात ढकलते. तिथे गाण्याला शब्द नाहीत. एकटं व्हायोलिन वाजतं आणि कागद तरंगत उतरतात. पहिल्या प्रयोगाला गठ्ठा अख्खाच्या अख्खा खाली आला. धप्प. छापखान्यातून कापून आलेली पानं धारेला चिकटलेली होती आणि मी ती सुटी केली नव्हती. कुणीतरी हसलं. खाली याकोब श्मिड, म्हणजे ज्यानं सोफी आणि तिचा भाऊ हान्स या दोघांना पकडून दिलं तो विद्यापीठातला कर्मचारी, वर बघत उभा. व्हायोलिन वाजत राहिलं. एकवीस वर्षांच्या मुलीनं जीव धोक्यात घालून केलेली गोष्ट, आणि त्यावर हसू आलं. ते मला अजून सहन होत नाही.

म्हणून प्रयोगाच्या दिवशी दुपारीच पत्रकं सुटी करायला बसा. एका वेळी तीस-चाळीस पानं घ्या, एक कड घट्ट धरून दुसरी अंगठ्यानं फुलवा, मग चारही बाजूंनी तेच. आदल्या रात्री करून ठेवलं तर पानं दबून पुन्हा बसतात. रबरबँड लावू नका. कागद साधा, पातळ घ्या, जाड कागद तरंगत नाही. आणि कोरा तर अजिबात नको, कारण पहिल्या रांगेतला माणूस पायाशी पडलेलं पान उचलून वाचतोच. त्यावर सहाव्या पत्रकाचा खराखुरा मजकूर हवा, प्राध्यापक कुर्ट हुबर यांनी स्टालिनग्राडच्या पराभवानंतर लिहिलेला, ‘कोमिलिटोनिनेन! कोमिलिटोनेन!’ अशी हाक घालून सुरू होणारा. सोफीचं काम करणाऱ्या मुलीला तालमीत किमान दहा वेळा खरा गठ्ठा ढकलू द्या. वर्तमानपत्राच्या रद्दीवर तालीम नको, तिचं वजन वेगळं, पडणं वेगळं.

आता बाकीचं. माइकच्या बॅटऱ्या, पिना, पाणी, कपडेपटाची यादी: तुम्हाला कळतं.

चक्रमुद्रण यंत्राला आठवड्याआधी तेल द्या. पहिली चार पत्रकं 1942 च्या उन्हाळ्यात हान्स शोल आणि अलेक्झांडर श्मोरेल यांनी लिहिली आणि हातानं हँडल फिरवून काढली. आपल्या पहिल्या अंकातल्या मोठ्या समूहगीताचा ठेका म्हणजे त्या हँडलचा आवाज आहे. वाद्यवृंदानं हँडलच्या मागे जायचं, हँडलनं वाद्यवृंदाच्या मागे नाही. त्यामुळे हँडल लयीत पक्का असलेल्या मुलाकडेच द्या, ‘कुणीही फिरवेल’ असं म्हणू नका.

हान्सच्या कोटाच्या खिशात हातानं लिहिलेली चिठ्ठी. अटकेच्या वेळी ती तो फाडायला बघतो, आणि तिच्यावरूनच ती लिहिणारा त्यांचा साथीदार क्रिस्टोफ प्रोब्स्ट सापडला. तीन लहान मुलांचा बाप, तेवीस वर्षांचा. चिठ्ठी दर प्रयोगाला फाटणार, म्हणून जितके प्रयोग तितक्या, वर दोन जास्त. छापील चालणार नाही, शाईनं लिहा. कोट कपडेपटातून निघाला की खिसा एकानं तपासायचा आणि विंगेत दुसऱ्यानं पुन्हा. (आणि हो, पत्रकं सुटी केलीत का?)

स्वस्तिकाबद्दल सभागृहाच्या व्यवस्थापनाशी आधी बोला, लेखी. जर्मनीत नाझी चिन्हं दाखवणं गुन्हा आहे. कलेसाठी सवलत आहे, पण ती पोस्टरलाही लागू होईल असं धरून चालू नका. मला विचाराल तर चिन्ह लागतच नाही. न्यायालयाच्या प्रवेशात न्यायाधीश फ्राइस्लर लाल झग्यात उभा राहिला की पुरे होतं.

पडलेली पत्रकं उचलायला माणसं नेमा, नावानिशी. ‘सगळे मिळून उचलू’ म्हणजे कुणीच उचलत नाही. चामड्याच्या तळव्याचा बूट कागदावरून सटकतो आणि पुढच्याच प्रवेशात आठ जण पळत येतात. गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, वेशातल्या समूहानंच ती गोळा करायची, बारा मात्रा दोनदा वाजेपर्यंत.

दुसऱ्या अंकात वेळ काढू नका. गुरुवारी अटक, सोमवारी 22 तारखेला खटला आणि त्याच संध्याकाळी श्टाडेलहाइम तुरुंगात हान्स, सोफी आणि प्रोब्स्ट या तिघांचा शिरच्छेद. प्रवेशांमधला अंधार लांबला तर ही घाई प्रेक्षकांपर्यंत पोचत नाही. पातं दाखवायचं नाही. दिवा घालवा, बस्स. श्मोरेल आणि हुबर यांना जुलैत, गटातल्याच विली ग्राफला ऑक्टोबरमध्ये मारलं, त्यांची नावं शेवटच्या गाण्यात आहेत, ती स्पष्ट ऐकू यायला हवीत. वाद्यांचा आवाज तिथे कमी.

शेवटी पुन्हा कागद. सहावं पत्रक गुपचूप इंग्लंडला पोचलं आणि 1943 मध्येच दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी त्याच्या प्रती जर्मनीवर टाकल्या, म्हणून छतावरच्या झोळीतून पत्रकं पडतात. झोळीतलीही सुटी करायची! वर शिडी लावून एकदा हात फिरवून या, मी सांगितलंय म्हणून तरी.

प्रयोग संपला की पानं मोजून खोक्यात. चुरगळलेली वेगळी काढा. वर जड काही ठेवू नका, दोरी आवळू नका, दुसऱ्या दिवशी दुपारी तीच पानं पुन्हा फुलवायची आहेत.