परराष्ट्रमंत्र्याची कारकीर्द अभ्यासायची कशी?

सोलापुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. परराष्ट्रमंत्र्याचं नाव निघालं की मुलं पदांची यादी पाठ करतात. त्यातून हाती काही लागत नाही. पोलंडचे रादोस्लाव सिकोर्स्की घ्या, वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचा देश.

पहिली ओळ जन्मसालाची, १९६३ ची नको, १३ डिसेंबर १९८१ ची लिहा. उजवीकडे: कम्युनिस्ट राजवटीचे प्रमुख जनरल यारुझेल्स्कींनी पोलंडमध्ये मार्शल लॉ लावला. डावीकडे: अठरा वर्षांचे सिकोर्स्की तेव्हा इंग्लंडमध्ये होते, त्यांनी तिथेच राजकीय आश्रय घेतला. इथे थांबा. मे १९३० मध्ये आपल्या शहरानेही मार्शल लॉ सोसलाय. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. या चौघांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या मुलाला या ओळीचं वजन कळायलाच हवं. फरकही लिहा: इथे राज्य परक्यांचं होतं, तिथे बंदूक आपल्याच लष्कराची होती.

ऑक्सफर्डचं शिक्षण एका ओळीत उरका. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांच्या काळात त्यांनी केलेली पत्रकारिता मात्र ठळक लिहा. त्यांच्या तिथल्या छायाचित्राला वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला होता.

पुढे पक्ष. ‘लॉ अँड जस्टिस’ या उजव्या पक्षाच्या सरकारात ते संरक्षणमंत्री होते. २००७ मध्ये राजीनामा दिला आणि त्याच वर्षी प्रतिस्पर्धी पक्षाचे पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांच्या सरकारात परराष्ट्रमंत्री झाले. लगेच ‘संधिसाधू’ लिहून मोकळे होऊ नका. आधी धोरण तपासा. ‘कायम रशियाविरोधी’ हेही अर्धवट उत्तर आहे: याच काळात मॉस्कोशी संबंध सुधारण्याचा प्रयत्न झाला, २००९ मध्ये पुतिन ग्दान्स्कला येऊन गेले.

एक भाषण मुळातून वाचा. नोव्हेंबर २०११ मध्ये युरो चलनाचं संकट ऐन भरात असताना ते बर्लिनमध्ये म्हणाले, जर्मनीच्या ताकदीपेक्षा तिच्या निष्क्रियतेची भीती मला जास्त वाटू लागली आहे. १९३९ मध्ये ज्या देशाने पोलंडवर हल्ला केला, त्यालाच पुढाकार घ्या म्हणणं! मला हे धाडस फार मोठं वाटतं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये युक्रेनच्या राजधानीत, कीव्हमध्ये, सरकार आणि आंदोलक यांच्यात केलेली मध्यस्थी, २०१५ मध्ये चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रकरणात सोडलेलं संसदेचं सभापतिपद, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा परराष्ट्र खातं, या तारखा भराभर मांडा.

शेवटी अधिकाराची मर्यादा शोधा. पोलंडमध्ये राजदूतांच्या नेमणुकीला राष्ट्राध्यक्षांची सही लागते. २०२४ मध्ये सिकोर्स्कींनी पन्नासहून अधिक राजदूत बदलायला घेतले आणि राष्ट्राध्यक्ष दुदा अडून बसले. उत्तरात हा पेच लिहिणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटतो. तुम्ही लिहा, आणि शेजारी आपल्या राज्यघटनेतली तरतूद मांडून तुलना करा.